देणग्यांवर बंदी घातली की पैसा खरंच थांबतो?

चौकस: १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे (नाव न सांगता पक्षाला देणगी द्यायची सोय) रद्द केले, आपण टाळ्या वाजवल्या. मग काय झालं? कंपन्या इलेक्टोरल ट्रस्टकडे, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थांकडे, वळल्या. अमेरिकेतही तेच. २००२ च्या मॅककेन-फाइनगोल्ड कायद्याने पक्षांचा 'सॉफ्ट मनी' (मर्यादेबाहेरच्या देणग्या) बंद केला, तर २००४ ला पैसा '५२७' गटांत (करकायद्याच्या कलम ५२७ खालचे, पक्षाबाहेरचे गट) गेला, आणि कंपन्या-युनियनना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करू देणाऱ्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर सुपर पॅकमध्ये, म्हणजे उमेदवारापासून वेगळे राहून अमर्याद खर्च करणाऱ्या गटांत. बंदी सोडा. किती द्यायचं ते देऊ द्या, फक्त नाव जाहीर करा.

मी_ऋजुता: फक्त?! मार्च २०२४ मध्ये कोणी कोणत्या पक्षाला दिलं हे ज्यावरून जुळवता येतं ते रोख्यांचे क्रमांक जाहीर होऊ नयेत म्हणून असोचॅमसारख्या उद्योगसंघटना कोर्टात धावल्या होत्या. त्यांचं खरं दुखणं नाव जाहीर होण्याचंच आहे. आणि ट्रस्टला निदान देणगीदारांची यादी निवडणूक आयोगाला द्यावी लागते. रोख्यांत तीही नव्हती.

टोरांटोचा बापू: आमच्या कॅनडात बंदी चालते की! निवडणूक काळात बाहेरच्या गटांनी किती खर्च करायचा याला मर्यादा आहे. नॅशनल सिटिझन्स कोएलिशन ही संघटना त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २००४ ला हरली. खटल्यात नाव होतं स्टीफन हार्पर यांचं, खटला भरला तेव्हा ते तिचे अध्यक्ष होते. गंमत म्हणजे हेच हार्पर २००६ मध्ये पंतप्रधान झाले आणि कंपन्या-युनियनच्या उरल्यासुरल्या देणग्याही त्यांच्याच सरकारने बंद केल्या.

चौकस: बापू, जपान बघा. २००० पासून कंपनीने नेत्याला व्यक्तिशः देणगी द्यायची नाही. पक्षाच्या स्थानिक शाखेला मात्र चालते, आणि शाखेचा प्रमुख तोच नेता! आपल्याकडे १९६९ ला इंदिरा गांधींनी कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या, तेव्हा देणगीऐवजी जाहिरातीच्या नावाने पैसा आला आणि पक्षांच्या स्मरणिका जाहिरातींनी फुगल्या. काळा पैसा वेगळाच. १९८५ ला परवानगी परत द्यावी लागली.

नागपूरकर: अमेरिकेत २००२ च्या कायद्याविरुद्ध बंदूकधारकांची संघटना एनआरए आणि कामगार संघटनांचा महासंघ एएफएल-सीआयओ दोघीही कोर्टात होत्या. एरवी एकमेकींचं तोंड बघणार नाहीत.

मी_ऋजुता: १९६९ ला बंदी घातली, पण पक्षांनी खर्च कुठून करायचा ते सांगितलंच नाही. सरकारी निधी नाही, काही नाही. चोरवाट निघणारच. कॅनडात खर्चाचा काही भाग सरकार परत देतं, छोट्या देणगीदाराला करसवलत मिळते. आपल्याकडे अजून वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नावसुद्धा कळवावं लागत नाही. चौकसराव, तुमची 'नाव जाहीर करा' मोहीम तिथून सुरू करा, सही मी करते.