कोलायडर सोपेच असावेत की मॉडेलबरहुकूम?

पिक्सेलवाला:
नवशिक्यांच्या गेम प्रोजेक्टमध्ये हल्ली सर्रास दिसतं. कोलायडर म्हणजे टक्कर तपासायला वस्तूला दिलेला अदृश्य आकार, आणि मेश कोलायडर म्हणजे मॉडेलच्या त्रिकोणांचं जाळंच त्यासाठी वापरणं. खुर्ची असो, झाड असो की माठ, प्रत्येकाला मेश कोलायडर चिकटवलेला. चित्र काढायला २०,००० त्रिकोण, आणि टक्कर तपासायलाही तेच २०,०००! माझ्या मते खुर्चीला दोन खोके पुरतात. झाडाला बुंध्यापुरती एक कॅप्सूल, पानांना काहीच नको.

दोन गोल एकमेकांना भिडले का हे बघायला केंद्रांमधल्या अंतराचा वर्ग आणि त्रिज्यांच्या बेरजेचा वर्ग एवढीच तुलना लागते, वर्गमूळसुद्धा काढायचं नाही. कॅप्सूल म्हणजे जाडी दिलेला रेषाखंड, तिचंही गणित फार लांबत नाही. ६० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यात चित्र, आवाज, शत्रूंची हालचाल सगळंच उरकायचं.

१९९६चा क्वेक बघा. खेळाडूचं अंग म्हणजे ३२ बाय ३२ बाय ५६चा खोका. नकाशा तयार करतानाच भिंती त्या मापाने फुगवून ठेवायचे, म्हणजे खेळताना फक्त एक बिंदू भिंतीत शिरतो का ते बघायचं. धिप्पाड राक्षसांसाठी ६४ बाय ६४ बाय ८८चा वेगळा संच. झालं काम! लोक तो गेम आजही खेळतात.

रानवारा:
असहमत. २०,०००चा आकडा ऐकायला भीतीदायक आहे, पण गेम इंजिन ते त्रिकोण एकेक करून तपासतं कुठे? त्यांच्यावर बीव्हीएच बांधलेलं असतं, खोक्यात खोके. वरच्या खोक्यालाच स्पर्श नसेल तर आतले सगळे त्रिकोण एका फटक्यात बाद. स्थिर इमारतीला मेश लावणं आजच्या मशीनला अजिबात जड नाही.

आणि तुमच्या खोक्यांची किंमत खेळणारा मोजतो. कमानीला एकच खोका लावला की समोर भोक दिसतंय आणि गोळी हवेत आपटतेय. असला गेम मी तरी लगेच बंद करतो.

पिक्सेलवाला:
कमानीला एक खोका लावणारा आळशी, त्यात पद्धतीचा काय दोष? दोन खांब, वर एक आडवा, तीन खोक्यांत कमान होते.

बीव्हीएच मान्य, पण स्थिर वस्तूंपुरतं. हलणाऱ्या वस्तूंचं काय? युनिटी इंजिनने पाचव्या आवृत्तीपासून भौतिकीने हलणाऱ्या वस्तूला खोलगट मेश लावणं बंदच केलं. कॉन्व्हेक्स, म्हणजे कुठेच खळगा नसलेला, करा म्हणतात, आणि त्यालाही २५५ त्रिकोणांची मर्यादा. ती उगाच नाही. मेश म्हणजे पोकळ कातडी, तिला आत-बाहेर कळत नाही. वस्तू एकदा आत घुसली की तिला कुठल्या बाजूला ढकलायचं? गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती या तिघांची टक्कर तपासायची १९८८ची जीजेके पद्धत आजही इंजिनांत वापरतात, तिलाही आकार कॉन्व्हेक्सच लागतो.

उंबरठा:
दोघेही खेळणाऱ्याला विसरताय. काउंटर स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्हने २०१५मध्ये खेळाडूंचे हिटबॉक्स, म्हणजे गोळी कुठे लागली हे ठरवणारे आकार, बदलले, तेव्हा खोके काढून कॅप्सूल आणल्या. जिथे डोक्याला लागलं की खांद्याला यावरून भांडणं होतात, तिथेही मेश नाही आणला! हाडांना बांधलेल्या कॅप्सूल शरीराबरोबर फिरतात, तेवढं पुरतं.

उलट टोकाला गोळ्यांचा पाऊस पाडणारे जपानी शूटर. त्यात यान मोठं दिसतं, पण मरण्याची जागा मधोमध चिमूटभर. मॉडेलबरहुकूम आकार ठेवला असता तर त्या पावसातून कोणी जिवंत सुटलंच नसतं. खोटं बोला, फक्त खेळणाऱ्याच्या बाजूने बोला.

रानवारा:
शूटरचं पटलं. पण शेकडो वस्तूंच्या गेममध्ये ते खोके हाताने ओढत कोण बसणार? दोन माणसांच्या टीमचा जीव जाईल. व्हीएचएसीडीसारखं साधन खोलगट मॉडेलचे आपोआप कॉन्व्हेक्स तुकडे करून देतं. आमचं ते काम तेच करतं.

पिक्सेलवाला:
सेटिंग चुकलं तर एका चहाच्या कपाचे ३० तुकडे करतं, हेही सांगा की. आणि कपाच्या कानात बोट घालायला जागा उरेल याची खात्री नाही.

अर्धाकच्चा:
मध्येच घुसतोय. माझी जमीन एकाला एक लागून ठेवलेल्या खोक्यांची आहे, अगदी सपाट. तरी घरंगळणारा चेंडू सांध्यावर उडी मारतो. हे सोप्या आकारांतही होतं तर!

रानवारा:
होणारच. चेंडू किंचित रुततो आणि इंजिनला शेजारच्या खोक्याची उभी कड लागते. ती खरं तर जमिनीच्या पोटात आहे, पण प्रत्येक खोका स्वतंत्र असल्यामुळे इंजिनला ते कुठून कळणार? बॉक्स२डी या द्विमितीय भौतिकी इंजिनमध्ये यासाठी चेन आकार आहे, त्यात प्रत्येक कडेला आपले शेजारी ठाऊक असतात. सुटे खोके रचण्यापेक्षा सलग आकार बरा, हे मी पहिल्यापासून सांगतोय.

पिक्सेलवाला:
खोके जोडून एकच लांब खोका करा, सांधाच राहत नाही! जिन्यालाही आम्ही हेच करतो, पायऱ्यांऐवजी सरळ उतार. चालताना धक्के बसत नाहीत.

रानवारा:
आणि वरून टाकलेला हातबॉम्ब टप्पे न खाता घसरगुंडीवरून आल्यासारखा येतो, त्याचं काय?

उंबरठा:
उतार खेळाडूच्या लेयरला (कोण कशाला धडकणार हे ठरवणाऱ्या गटाला) द्या, बॉम्बला पायऱ्या.

रानवारा:
म्हणजे एका जिन्याला दोन कोलायडर. सोपं करायला निघाला होतात ना?

पिक्सेलवाला:
एक उतार आणि बारा खोके, दोन्ही सोपेच. तुमच्या जिन्याच्या मेशमध्ये कठड्यावरची नक्षीही टक्कर खातेय, ती आधी काढा, मग बोलू.