स्पेनमधल्या पांपलोनाला राहायला आलोय. जुलैत सान फेर्मिन सणात रस्त्यावर वळू सोडतात आणि माणसं त्यांच्यापुढे धावतात, ती वळूंची धाव कशी सांभाळायची?

प्रश्न: घर धावेच्या वाटेवरच्या एस्ताफेता गल्लीजवळ आहे. ७ ते १४ जुलै काय पाळावं? धावायला हरकत आहे का?

प्रतिसाद १: सकाळी ८ ला पहिला बार उडतो तो गोठ्याचं दार उघडल्याचा. दुसरा म्हणजे सगळी जनावरं रस्त्यावर आली. तिसरा, सगळी वळूझुंजीच्या रिंगणात पोचली. चौथा, आत कोंडली; तो होईपर्यंत रस्त्यावर उतरू नका. कुंपण दुहेरी असतं, मधली मोकळी जागा पोलीस आणि वैद्यकीय पथकाची. बघायचं ते बाहेरच्या कुंपणामागून. सणाचा लाल रुमाल ६ तारखेला दुपारी १२ चा बार झाल्यावरच गळ्यात बांधतात. आधी बांधू नका, तिथल्या लोकांना खटकतं.

प्रतिसाद २: पहिल्या वर्षी धावू नकाच. अंतर साधारण ८५० मीटर, पण जनावरं बहुधा अडीच-तीन मिनिटांत पार करतात; माणूस त्यांच्यासोबत जेमतेम ५० मीटर टिकतो. सोबतचे घंटावाले खच्ची केलेले बैल कळप बांधून ठेवतात. कळपातून सुटलेला एकटा वळू सगळ्यात घातक, तो बावरून दिसेल त्यावर वळतो. मेर्कादेरेस गल्लीतून एस्ताफेतात वळताना जनावरं वेगामुळे बाहेरच्या भिंतीवर आदळतात, म्हणून उभं राहायचं ते वळणाच्या आतल्या अंगाला.

प्रतिसाद ३: पडलात तर उठू नका! डोकं हातांनी झाका आणि निपचित पडून राहा. उठणाऱ्याच्या नेमकं पोटात शिंग लागतं. मोबाईल, पाठपिशवी घेऊन शिरायला बंदी आहे. वळूला हातही लावायचा नाही.