अनुभव धागा : जाळ्यावर झुलत शहरभर (इंदुरातले सुपरहिरो-गेमवाले)

छत्रीबाग (संयोजन)
सुट्ट्या लागल्या, दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही, त्यामुळे कपाटातले कंट्रोलर बाहेर आलेत. मोकळ्या शहरात सुपरहिरो होऊन हिंडायचे गेम ज्यांनी मुरवून खेळलेत त्यांनी इथे लिहावं. 'ग्राफिक्स झकास' एवढ्यावर थांबू नका. कुठलं बटण, कधी, कुठे अडतं आणि का, ते सांगा. कथानक फोडू नका.

जीरावण
२०१८च्या 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन'पासून सुरुवात करतो, कारण झुलणं शिकायचं तर तिथेच. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर आर२ (मागचं उजवं बटण) दाबून धरलं की झोका, सोडलं की सुटका, इतकं पहिल्या पाच मिनिटांत येतं. तरी 'वेगच येत नाही' असं म्हणणारे खूप. ते सगळे सोडायची वेळ चुकवतात. झोका अगदी तळाला असताना सोडलात तर वेग पुढे मिळतो. वरच्या टोकाला सोडलात तर उंची मिळते, पण वेग मरतो. झोक्यावर असतानाच एक्स दाबून उडी मारली की वरून आणखी एक धक्का मिळतो.

उंच इमारतीवरून निघताना असं करा: उडी, हवेत एल३ (डावी स्टिक आत दाबणं) दाबून सूर, रस्ता अंगावर येईपर्यंत हात आवरा, मग आर२. तळाला एक्स. सूर मारून कमावलेला वेग पहिल्या झोक्यातच वापरला जातो, म्हणून पुढचा झोका लगेच घेऊ नका, जरा पडू द्या. जे घाईघाईने आर२ टपटप मारतात ते रस्त्यालगत गाड्यांच्या टपांवरून रांगत जातात. आपल्या राजवाड्याचे सात मजले डोळ्यांसमोर आणा. झोक्याचा तळ शक्यतो त्याच्या खाली नको.

अंतर कमी आणि नेमकं उतरायचं असेल तर एल२ (मागचं डावं बटण) आणि आर२ एकत्र. तो एखाद्या खांबावर, कठड्यावर जाऊन बसतो. पाय टेकतात त्या क्षणी एक्स दाबला तर न बसता तिथूनच उसळी घेतो. झोका आणि ही उसळी आलटून पालटून वापरली की मॅनहॅटनचं एक टोक ते दुसरं टोक पाय न टेकता होतं.

आणि सेंट्रल पार्कमध्ये जाळं लागत नाही म्हणून गेमला शिव्या देऊ नका. या गेममध्ये जाळं हवेत चिकटत नाही, खरी इमारत किंवा झाड लागतं. बागेत झाडं बुटकी, म्हणून झोके आखूड. तिथे हवेत एक्स दाबून पुढे खेचत राहायचं, नाहीतर सरळ कडेकडेने जायचं.

शेव_जास्त
जीरावण भियाने झुलणं सांगितलं, मी मारामारी सांगतो. घोळक्यात उभं राहून चौकोनाचं बटण बडवत बसलात तर मार खाल. चौकोन दाबून धरा, एकाला हवेत उचला आणि स्वतःही वरच राहा. खालच्या दांडपट्टेवाल्यांचा हात तिथे पोचत नाही. बंदुकवाल्याचा मात्र पोचतो, म्हणून आधी तो. लांबून त्रिकोण, त्याच्यावर जाऊन आदळायचं.

ढालवाल्याला समोरून कितीही मारा, काही होत नाही. त्याच्या दिशेनेच गोल दाबा, पायांमधून घसरून मागे निघतो, मग पाठीवर. दांडगट गडी आधी जाळ्यात गुंडाळल्याशिवाय उचलला जात नाही. भिंतीजवळच्या गुंडाला मात्र मुठी मारण्यात वेळ घालवू नका. जाळ्याने पुरता गुंडाळा आणि भिंतीवर चिकटवा, तो संपला. 'इम्पॅक्ट वेब' हे जाळ्याचं हत्यार हे काम एका फटक्यात करतं, म्हणून गेममध्ये मिळणारी टोकन आधी त्याच्यावर घाला. छतावरून खाली लाथाडलेला गुंड मरत नाही, इमारतीला आपोआप चिकटतो. पीटर (म्हणजे स्पायडर-मॅन) कुणाचा जीव घेत नाही, हे गेम कसोशीने पाळतो.

मारामारीत भरत जाणारी फोकसची पट्टी हीच औषधपेटी. बरं व्हायला खालचं दिशा-बटण, तडाखेबंद फटक्याला त्रिकोण आणि गोल एकत्र. दोन्ही खर्च एकाच पट्टीतून. नवखे फटक्यावर उधळतात आणि गरजेला पट्टी रिकामी.

२०२३च्या दुसऱ्या भागात एल१वर अडवायचा डाव आला आहे. काही वार नुसते चुकवून भागत नाहीत, अडवावेच लागतात. पहिल्या भागातून थेट आलेले पहिल्या मोठ्या शत्रूपाशी इथेच अडकतात.

पाटनीपुरा_पीसी
पीसीवाल्यांसाठी. पहिला भाग पीसीवर ऑगस्ट २०२२मध्ये आला. किमान जीटीएक्स ९५० आणि ८ जीबी रॅम सांगतात. नीट खेळायचं तर जीटीएक्स १०६० चं ६ जीबी कार्ड, १६ जीबी रॅम आणि एसएसडी. जागा ७५ जीबी. दुसरा भाग जानेवारी २०२५चा, त्याला १४० जीबी.

हार्ड डिस्कवर टाकून 'अटकतो' म्हणू नका. वेगाने झुलताना पुढचे रस्ते आणि इमारती सतत डिस्कवरून ओढल्या जातात; डिस्क मागे पडली की चित्र थबकतं.

रे-ट्रेसिंग (प्रकाश आणि प्रतिबिंबांचं खरंखुरं गणित) हा दुसरा खड्डा. काचेत समोरचं शहर दिसतं खरं, पण ते गणित ग्राफिक्स कार्डाइतकंच प्रोसेसरवरही पडतं. म्हणून रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम वाढत नाहीत आणि लोक गोंधळतात. 'ऑब्जेक्ट रेंज' नावाची १ ते १० पट्टी आहे, ती ६ च्या आसपास आणा. झुलताना फरक दिसत नाही, छतावर उभं राहून दूरच्या काचा न्याहाळल्या तरच दिसतो. ८ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर (पृष्ठभागांचा बारकावा) 'व्हेरी हाय' आणि रे-ट्रेसिंग दोन्ही लावलं तर सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं, नंतर कार्डाची मेमरी भरते आणि धापा सुरू. टेक्स्चर एक पायरी खाली घ्या.

ड्युअलसेन्स (पीएस५चा) कंट्रोलर असेल तर केबलने जोडा. ट्रिगर दाबताना बोटाला जाणवणारा ताण पीसीवर वायरलेसने मिळत नाही.

नंदलालपुऱ्याची
सगळे कोळीच कोळी! बॅटमॅनचं कुणीतरी बोला. २०११च्या 'आर्खम सिटी'त झुलणं नाही, तरंगणं आहे, आणि मला तेच जास्त कसबाचं वाटतं. उंची हाच पैसा. आर२ने सूर मारून वेग घ्यायचा, जमिनीआधी वर उचलायचं, वेगाची परत उंची करायची. हुक फेकून वर उसळी घ्यायची सोय मात्र सुरुवातीला मिळत नाही. एआर प्रशिक्षणाची (गेममधल्या तरंगण्याच्या सरावाची) पहिली चार आव्हानं पुरी करा, मग मिळते. बाजूच्या कामांत लोक ही ढकलतात आणि अर्धा गेम गच्च्यांवरून चढत-उतरत काढतात. हे आधी उरका.

मारामारीत बडवाबडवीची शिक्षा थेट मिळते. ठोसा लागतो त्याच क्षणी पुढचं बटण एकदाच दाबलं तर साखळी (न चुकता लागलेल्या फटक्यांची मोजणी) दुप्पट चढते. उगाच दोनदा दाबलं की तो हिशेब गेला. साखळी ८ वर गेली की खास डाव उघडतो, सुधारणा घेतली तर ५ वरच. चिलखतवाल्याला आधी गोल दाबून अंगरख्याने भोवंडा, मग चौकोनाचा मारा. विजेचा दंडुका असलेल्यावर समोरून जाऊ नका, डोक्यावरून उडी मारून मागून या.

२०१५चा 'आर्खम नाइट' पीसीवर इतका बिघडलेला आला की विक्री थांबवून ऑक्टोबरमध्ये परत आणावा लागला. आज ठीक चालतो. पण रिडलर या खलनायकाची २४३ कोडी सोडवल्याशिवाय पूर्ण शेवट दिसत नाही, आणि ती अट मला शुद्ध छळ वाटते.

रामबागच्या_काकू
मुलगा नववीत आहे. यातलं कुठलं चालेल?

शेव_जास्त
काकू, स्पायडर-मॅनला अमेरिकेत 'टीन', युरोपात १६ असा शिक्का आहे. मारामारी आहे, रक्ताची किळस नाही. 'आर्खम नाइट' मात्र 'मॅच्युअर', तो आत्ता नको. घरात धाकटं कुणी खेळणार असेल तर सेटिंगमध्ये कोडी वगळणे, पटापट दाबायच्या जागी नुसतं दाबून धरणे, असे पर्याय आहेत. अवघडपणा 'फ्रेंडली' ठेवा.

जेल_रोड_सोल्डर
यंत्राकडे कुणी बघत नाही म्हणून लिहितो. पीएस५ टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नका, भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर मोकळं ठेवा. बाजूचं झाकण सरकवून काढलं की आत धूळ साठायची दोन भोकं दिसतात. व्हॅक्यूम लावून ती ओढून घ्या, फुंकर मारू नका, धूळ आत जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे दर काही महिन्यांनी.

जादा एसएसडी घालायची तर जेन ४ (चौथ्या पिढीची), वाचायचा वेग ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा वर, आणि हीटसिंकसकट (उष्णता ओढणाऱ्या पट्टीसकट) जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. जाड हीटसिंक घेतलेला माल झाकण बसत नाही म्हणून परत येतो.

वीज गेली तर: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत ओढतो. कन्सोल आणि मध्यम टीव्ही त्यात बसतात, पण काही मिनिटंच. तेवढ्यात मिशन संपवायच्या नादी लागू नका, मशीन रीतसर बंद करा.

सूर मारायला एल३ सारखं दाबून डावी स्टिक लवकर झिजते, मग पात्र आपोआप सरकतं. बदलून घ्यायची तर हॉल इफेक्टवाली (चुंबकावर चालणारी, न घासणारी) मागा, आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन करून दिलं का ते दुकानातच तपासा. नाहीतर मधला बिंदू सरकलेलाच घरी येतो.

जीरावण
काकूंचा मुलगा थेट दुसऱ्या भागाने सुरुवात करणार असेल तर 'स्विंग स्टिअरिंग असिस्टन्स' १० वर असतं, ते हात बसल्यावर ३-४ वर आणायला सांगा. गेम कोपरे स्वतःच वळवून देतो तोवर झुलणं हाताला येत नाही. उंचावरून पडल्यावर इजा व्हावी असाही पर्याय आहे, तो मूळचा बंद असतो. आणि ईस्ट रिव्हर ओलांडायला झोके घेत बसू नये, त्रिकोण दाबून जाळीचे पंख उघडायचे. पाण्यावर वाऱ्याचे झोत दिसतात, त्यांत शिरलं की क्वीन्सपर्यंत उंची टिकते.

रामबागच्या_काकू
३-४ करून दिलं. आता तो जेवायला उठत नाही, त्यावर काही सेटिंग?

जेल_रोड_सोल्डर
आहे, काकू. पॅरेंटल कंट्रोलमध्ये रोजचा वेळ ठरवता येतो, आणि वेळ संपली की नुसती सूचना द्यायची की थेट खेळातून बाहेर काढायचं हेही तिथेच. मुलाचं खातं वेगळं, वयानुसार काढलेलं हवं. तुमच्याच खात्यावर खेळत असेल तर ते लागू होत नाही.