क्लासचे गट: कामावरून पाडायचे की पाडायचेच नाहीत?

तापीकाठ (भुसावळ): टीम फोर्ट्रेस २ या नेमबाजीच्या व्हिडिओ गेमने २००७ मध्ये नऊ क्लास (म्हणजे आपापली शस्त्रं असलेली पात्रं) तीन खणांत बसवले: हल्ला, बचाव, सपोर्ट. बॉम्ब फेकणारा डेमोमॅन बचावात! पण सहा-सहाच्या स्पर्धेत ठरलेली टीम म्हणजे दोन स्काउट, दोन सोल्जर, एक डेमोमॅन, एक मेडिक. बचावातले हेवी-इंजिनिअर बहुतेक वेळ बाहेर, आणि डेमोमॅनशिवाय पान हलत नाही. ओव्हरवॉच या गेमनेही २०१६ ला हान्झो, विडोमेकर या लांबून मारणाऱ्यांना बचावात टाकलं. २०१८ मध्ये हल्ला-बचाव मोडून एकच ‘डॅमेज’ केला, ते बरं झालं. गट कामावरून पाडा: वाट कोण उघडतो, मार कोण झेलतो, जीव कोण वाचवतो.

धुळेकर_भो: माले पटत नही भो. व्हॅलोरंट गेमने कामावरूनच पाडले ना? ड्युएलिस्ट (पुढे घुसून मारणारा), इनिशिएटर (वाट उघडणारा), कंट्रोलर (स्मोक म्हणजे धूर टाकून नजर अडवणारा), सेंटिनेल (राखण करणारा). मग चेंबर हे पात्र आलं. नाव सेंटिनेल, हातात स्वतःची स्नायपर, एक मारला की टेलिपोर्ट होऊन पसार. २०२२ ला त्याचे पंख छाटेपर्यंत पोरं त्याला जेट या ड्युएलिस्टच्या जागी घेत होती. आणि तुझ्याच उदाहरणातले दोन सोल्जर बघ. एक मेडिकला चिकटलेला ‘पॉकेट’, दुसरा ‘रोमर’. क्लास एक, कामं दोन. कंपनीने खण पाडूच नयेत, खेळणारे पाडतात. बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये क्लास कुठेत? तरी प्रत्येक स्क्वाडला आयजीएल (मॅचमध्ये डाव ठरवणारा कॅप्टन) लागतोच.

केळीपट्टा (रावेर): बीजीएमआय इथे आणू नका. तिथे चौघांनाही तीच बंदूक उचलता येते. सोलो क्यूवाल्याने, म्हणजे एकटाच खेळायला बसून अनोळखी टीममध्ये पडणाऱ्याने, काय करायचं ते सांगा. मार्व्हल रायव्हल्स हा गेम डिसेंबर २०२४ ला आला, त्यात रोल क्यू (आधी काम निवडून मग रांगेत लागणं) नाही. रात्री बसलं की चार ड्युएलिस्ट, जीव वाचवणारा स्ट्रॅटेजिस्ट एकही नाही, आणि पहिल्या मिनिटापासून चॅटमध्ये आईबहीण. ओव्हरवॉचने २०१९ ला दोन टँक (मार झेलणारे), दोन डॅमेज, दोन सपोर्ट असं बांधून दिलं. भांडण निदान मॅचआधी मिटलं.

धुळेकर_भो: मिटलं? टँक घ्यायला कोणी तयार नाही, डॅमेजवाले रांगेत ताटकळतायत. शेवटी २०२२ ला ओव्हरवॉच २ मध्ये प्रत्येक टीमचा एक टँकच उडवला. माझ्या मते खण सांभाळायला खेळ कापला.

तापीकाठ (भुसावळ): मग अर्धवट बांधू नका. व्हॉलीबॉलमध्ये लिबेरोची जर्सी वेगळी आणि त्याला ब्लॉक करायला बंदी. तिथे नाव आणि नियम एकच बोलतात. व्हॅलोरंटमध्ये रेना ही ड्युएलिस्ट घेतलेला गडी पूर्ण राउंड खोक्याआड बसला तरी तो ‘ड्युएलिस्ट’च. तिचं बरं होणंही तिच्यापुरतंच, टीमला दमडीचा उपयोग नाही.

सातपुडा_लॅग (शहादा): वाद चालू द्या. लाइट राहिली तर दहाला व्हॅलोरंटची लॉबी (आपल्यापुरती मॅच) लावतोय, स्मोक मी टाकतो. भो, जेट सोडून काय घेशील?

धुळेकर_भो: जेट मन्हीच.

केळीपट्टा (रावेर): आणि म्हणे खण नकोत.