आईचं व्हॉल्वचं ऑपरेशन ठरलंय, घरच्यांनी तयारी कशी केली ते सांगा

दिग्रस, यवतमाळ
नमस्कार मंडळी. आईचं (वय ५२) मायट्रल व्हॉल्वचं (हृदयातल्या एका झडपेचं) ऑपरेशन दिवाळीनंतर नागपूरला आहे. लहानपणी तिला ताप येऊन आधी घोटे मग गुडघे सुजले होते म्हणे, तेव्हा हृदयाकडे कोणी पाहिलंच नाही, आणि त्याच तापानं व्हॉल्व आखडत गेला असं डॉक्टर सांगतात. आता कापसाची पात धरली की अर्ध्यावर दम लागून खाली बसते, रात्री दोन उशा लागतात. आम्ही तिला फक्त 'छोटं ऑपरेशन आहे' एवढंच सांगितलंय. बाबा म्हणतात जास्त सांगू नको, घाबरन. मला ते पटत नाही पण तोंड उघडायची हिंमतही होत नाही. ज्यांच्या घरी झालं त्यांनी लिहा, लहानसहान काहीही चालेल.

आर्वी, वर्धा
मायं सोताचं झालं २०१९ ले. भाऊ, पहिले आईचे दात दाखवून घ्या. माह्या दोन दाढा किडल्या होत्या, त्या काढल्याशिवाय तारीखच देली नाही, तोंडातले जंतू रक्तातून नव्या व्हॉल्ववर जाऊन बसतात म्हणे. त्याच्यापायी तीन हप्ते गेले. खर्रा, तंबाखू, नस जे असन ते आजच बंद. अन् तीन गोळ्यायचं प्लास्टिकचं यंत्र मिळते, नळीतून श्वास आत वढून गोळे वर उचलाचे, ते घरूनच शिकवा, छातीले टाके असल्यावर शिकणं होत नाही.
आता मेन गोष्ट. मले शुद्ध आली तं घशात नळी, आवाज निघे ना, हात हालवता येये ना. मले वाटलं आपलं काहीतरी बिघडलं, डोयातून पाणी चालू झालं. नर्सताई कानापाशी येऊन म्हणे, काका मशीन श्वास देऊन राहिली, नळी निघन. हे कोणी आदल्या दिवशी सांगतलं असतं तं मी एवढा भेलो नसतो. आईले हे नक्की सांगा.

वाशिम
सासऱ्यांचं महात्मा फुले योजनेतून झालं. रेशन कार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं, एका अक्षराचा फरक, तेवढ्यासाठी आठ दिवस गेले, म्हणून कागदं आताच जुळवून बघा आणि दवाखान्यात गेल्याबरोबर आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला) भेटा. रक्तासाठी गावातली पोरं आधीच सांगून ठेवा, आमची सहा जणं रात्रीच्या एसटीनं आली होती.

ब्रह्मपुरी
मी २७ वर्षांची आहे, माझंही लहानपणच्या तापामुळेच. धातूचा व्हॉल्व जास्त टिकतो पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि ती गोळी पोटातल्या बाळाला त्रासाची ठरू शकते. जनावराच्या पेशीचा घेतला तर १०-१५ वर्षांनी परत ऑपरेशन लागू शकतं. मला बाळ हवंय म्हणून मी दुसरा घेतला. डॉक्टरांनी मला समोर बसवून विचारलं, नवऱ्याला किंवा सासूला नाही, त्याचं मला फार बरं वाटलं. काकूंचं वय वेगळं आहे पण त्यांनाही विचारा.

आर्वी, वर्धा
माहा धातूचाच आहे, चित्रा व्हॉल्व, तिरुवनंतपुरमच्या संस्थेनं तयार केलेला, १९९० पासून लोकायले बसवून राहिले. रात्री सामसूम झाली की टिकटिक आयकू येते, पहिले झोप लागे ना, आता ती आयकूनच झोप लागते. रक्त पातळ कराच्या गोळीसाठी आयएनआरची रक्त तपासणी (रक्त किती पातळ झालं ते कळते) चुकवाची नाही. हिरव्या भाजीनं गोळीच्या असरात फरक पडते, म्हणून पालक, अंबाडी बंद नाही कराची, पण हप्त्याले जेवढी खाता तेवढीच खाची, कमीजास्त नाही. अन् अंग दुखलं म्हणून मेडिकलातून मनानं गोळी आणाची नाही.

दर्यापूर, अमरावती
आम्ही बाबांना नाही सांगितलं. 'तपासणीला जायचंय' म्हणून नेलं आणि सहीच्या कागदाच्या वेळी त्यांना कळलं. ते काहीच बोलले नाही, भिंतीकडे तोंड करून झोपले. ऑपरेशन चांगलं झालं, आज शेतात जातात, पण अजून कधीतरी म्हणतात, "मायी छाती व्हती ना बे, मले इचारलं काहून नाही?" याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही सांगा, आजच सांगा.

दारव्हा
छातीचं हाड तारेनं बांधतात, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. घागर नाही, शेणाचं टोपलं नाही, मोटारसायकलवर बसणं नाही. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची. घरी खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा.

दिग्रस, यवतमाळ
काल सांगितलं. आई ओट्यावर तूर निवडत होती. मी सगळं बोललो, नळीचंही. तिनं सूप खाली ठेवलं, छातीवरून मधोमध बोट फिरवलं आणि विचारलं, "इथून काय?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ गप्प होती. मग म्हणे, "पोत काढा लागन?" काढावी लागेल म्हटलं. "मंग तुह्याजवळच ठेवजो, तुह्या बाबाजवळ नको देऊ, त्यायच्याकून हरवते."
सोमवारी दाताच्या डॉक्टरकडे जातोय. गोळ्यांचं यंत्र मेडिकलमधून आणलं, आज सकाळी तिनं एक गोळा वर नेला.