मदत हवी आहे: मोरचुदाची दोन प्रमाणं एकच आहेत का? कॅल्क्युलेटरवर जुळत नाहीत

रोठावाला: सुपारीवर बोर्डो (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचं बुरशीनाशक) मारायचंय. शेजारचे काका म्हणतात पिंपाला २ किलो मोरचूद. दुकानदाराने लिहून दिलंय फवारणीच्या पंपाला १५० ग्रॅम. दोन्ही एकच ना? मोबाइलवर भागून बघितलं तर एकीकडे ०.०१ आणि दुसरीकडे १० आलं. हजारपट फरक! पाडेली (झाडावर चढून फवारणारा गडी) येऊन बसलाय, आभाळ भरलंय, लवकर सांगा.

वाडीतला: पिंप केवढं? पंप केवढा? चुना किती? काहीच लिहिलं नाहीत.

रोठावाला: पिंप २०० लिटरचं. पंप सगळ्यांकडे असतो तोच, १५ चा. चुना मोरचुदाइतकाच, ते काय सांगायचं.

गणितमास्तर: एकीकडे किलो भागलेत, दुसरीकडे ग्रॅम. २००० ÷ २०० करा, १० येईल. १५० ÷ १५ सुद्धा १०. म्हणजे लिटरला १० ग्रॅम, १ टक्का बोर्डो. पण खरं तर भागूच नये, तिरका गुणाकार करावा. २००० × १५ = ३०,००० आणि १५० × २०० = ३०,०००. गुणाकार सारखे आले की प्रमाण एकच.

दशांशदादा: भागलं तर काय बिघडलं? लिटरला किती ग्रॅम ते लगेच कळतं. तुमचे ३०,००० घेऊन बागेत काय करायचं?

गणितमास्तर: आठ आकडी साध्या कॅल्क्युलेटरवर २ ÷ ३ करा, ०.६६६६६६६ दिसेल. मग ६६६६६६६ ÷ १००००००० करा, तेच दिसेल. प्रमाणं एक आहेत का? नाहीत. गुणाकारात अशी फसगत होत नाही.

दशांशदादा: वाडीतल्या काट्यावर ५ ग्रॅम इकडेतिकडे होतात, तुम्ही सातव्या दशांशात शिरलात!

झटपट: एवढा खटाटोप कशाला? तयार कॉपर ऑक्सिक्लोराईडची पुडी आणा, पाण्यात घाला, मारा. मी तेच करतो.

वाडीतला: त्यांनी ते विचारलंय का? कोळेरोगाला (सुपारी गळवणारा बुरशीचा रोग) पावसात बोर्डो जास्त टिकतं, पानाघोसाला चिकटून राहतं. @रोठावाला, चुना कळीचा की पुडीतला विरलेला? ५६ ग्रॅम कळीच्या चुन्याचा विरून ७४ ग्रॅम होतो. पुडीतला असेल तर १५० च्या जागी साधारण २०० ग्रॅम लागेल. आणि पिंप लोखंडी नाही ना? मोरचूद लोखंड खातं.

रोठावाला: पिंप प्लॅस्टिकचं. चुना कळीचा. मोरचुदाच्या पाण्यात ओतू का आता?

वाडीतला: थांबा! उलटं करा. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत, हळूहळू, काठीने ढवळत.

जुनाजाणता: आमच्याकडे दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओततात, तीच खरी पद्धत. मग स्वच्छ विळा मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी निवळी घाला. तसंच मारलंत तर पानं करपतील. बोर्डो ही मूळ फ्रान्समधली द्राक्षवाल्यांची युक्ती, १८८५ पासूनची.

वाडीतला: चुन्यात ओतलं तरी चालतं हो, वर्षानुवर्षं करतोय.

दशांशदादा: पंपावरचा आकडा वाचा एकदा. बॅटरीवाले बरेच १६ लिटरचे येतात.

रोठावाला: १६ लिहिलंय! मग?

दशांशदादा: १५० ÷ १६ = ९.३७५. थोडं पातळ, पण चालून जाईल.

गणितमास्तर: २००० × १६ = ३२,०००, १५० × २०० = ३०,०००. प्रमाण वेगळं! १६० ग्रॅम घ्या, चुनाही १६०.

दशांशदादा: १० ग्रॅमसाठी तिरका गुणाकार...

रोठावाला: १६० घेतलं. विळा कोराच निघाला. पाडेली चढला.

झटपट: पाडेली झाडामागे किती घेतो तुमच्याकडे?