मदत हवी आहे: क्लोरीन आहे, तरी टँकचं पाणी हिरवट

घरचा स्विमिंग टँक फायबरचा, उघड्यावर, साधारण ४०,००० लिटरचा. आठवडाभर पाणी हिरवट आहे. पायरीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. मुलांना पाण्यात उतरणं बंद केलंय.

आजचं रीडिंग: पीएच ७.४, मोकळं क्लोरीन ३ पीपीएम, सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) ११० पीपीएम. शेवटचा आकडा बघून चरकलोच. दोन वर्षं नुसत्या ट्रायक्लोरच्या गोळ्या टाकत होतो. त्यातून १० पीपीएम क्लोरीन मिळतं तेव्हा सोबत ६ पीपीएम सायन्युरिक येतं आणि ते पाण्यातच साठत राहतं, हे आत्ता कळलं. म्हणजे ३ पीपीएम क्लोरीन दिसतंय खरं, पण त्यातलं बरंचसं सायन्युरिकला अडकून पडलेलं.

गोळ्या थांबवल्या. चार दिवस रोज रात्री लिक्विड क्लोरीन घालून ६ पर्यंत नेतो, सकाळी पुन्हा ३. रात्री ऊन नसतं, म्हणजे शेवाळंच खातंय. भिंती घासल्या, वाळूचा फिल्टर बॅकवॉश केला (उलट्या दिशेने पाणी सोडून धुतला), प्रेशर ठीक आहे. (अल्जीसाइड, म्हणजे शेवाळं मारायचं औषध, सुचवू नका, एक बाटली संपवून झाली.)

सायन्युरिक ५० वर आणायचं तर निम्म्याहून जास्त पाणी बदलावं लागेल. अडचण अशी की इथे जमिनीखालचं पाणी बरंच वर आहे. टँक रिकामा केला तर फायबरचं भांडंच वर उचललं जाईल, ही भीती.

तर अशा जागी एका वेळी किती पाणी काढणं सुरक्षित? आणि आधी शेवाळं मारायचं की आधी पाणी बदलायचं?